कॅनन एलबीपी २९००बी आणि विंडोज ११: अपडेटनंतर हा प्रिंटर ठेवावा की काढावा?

वकिलाचं ऑफिस असो, सेतू केंद्र असो की तालुक्याच्या गावातलं झेरॉक्सचं दुकान, टेबलाच्या कडेला कॅननचा एलबीपी २९००बी हमखास दिसतो. मिनिटाला १२ पानं, ट्रेमध्ये १५० कागद, ३०३ नंबरचं कार्ट्रिज आणि एक यूएसबी केबल, एवढाच त्याचा पसारा. वाय-फाय नाही, लॅनचं पोर्ट नाही, दोन्ही बाजूंची छपाई हवी तर कागद हाताने उलटा घालायचा. तरी लोक तो सोडत नाहीत, कारण कार्ट्रिज कुठेही भरून मिळतं, सुटे भाग मिळतात आणि गावातला मेकॅनिकही तो सहज उघडतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. त्याच्या आगेमागे बऱ्याच ठिकाणी पीसी विंडोज ११ वर गेले आणि दुसऱ्या दिवशी प्रिंट निघेना. अशा वेळी दोन सल्ले मिळतात: ‘मशीन जुनं झालं, नवीन घ्या’ किंवा ‘पीसी फॉरमॅट मारा’. दोन्ही घाईचे आहेत. अपडेटनंतर थांबलेल्या २९००बी मध्ये मशीन सहसा धडधाकट असतं. बिघडलेलं असतं ते पीसी आणि मशीन यांच्यातलं काहीतरी: पोर्ट, ड्रायव्हर किंवा शेअरिंग. हे क्रमाने तपासलं तर बहुतेक ठिकाणी नवीन मशीनचा खर्च वाचतो.

आधी या प्रिंटरचा स्वभाव लक्षात घ्यायला हवा. २९००बी होस्ट-बेस्ड आहे. पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट यांसारखी छपाईची भाषा त्याला कळत नाही. पानावर कुठला ठिपका काळा आणि कुठला पांढरा, हे सगळं पीसीतला कॅननचा ड्रायव्हर ठरवतो आणि तयार झालेलं चित्र ‘कॅप्ट’ या कॅननच्या स्वतःच्या पद्धतीने केबलवरून धाडतो. प्रिंटरमधली २ एमबी मेमरी पुरते ती यामुळेच. शिवाय हा संवाद दोन्ही बाजूंनी चालतो. कागद आहे का, झाकण उघडं आहे का, मशीन गरम झालं का, हे प्रिंटर सांगतो आणि मगच ड्रायव्हर पुढचा डेटा सोडतो. म्हणून विंडोजमधला कुठलाही सर्वसाधारण ड्रायव्हर, किंवा नावात साम्य आहे म्हणून निवडलेला दुसऱ्या मॉडेलचा ड्रायव्हर, इथे उपयोगाचा नाही. कॅननचा ड्रायव्हर नाही तर प्रिंट नाही. या मशीनची सगळ्यात मोठी उणीव हीच आणि अपडेटनंतरच्या बहुतेक तक्रारींचं मूळही इथेच.

तपासणीची सुरुवात केबलपासून करा, ड्रायव्हरपासून नाही. प्रिंटर चालू करा, केबल थेट पीसीच्या मागच्या पोर्टमध्ये लावा. हब नको, पुढच्या पॅनेलचं पोर्टही नको. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि ‘युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स’ या गटात ‘यूएसबी प्रिंटिंग सपोर्ट’ अशी ओळ येते का ते पाहा. केबल काढली की ती ओळ गेली पाहिजे, लावली की परत आली पाहिजे. ही ओळ विंडोज स्वतः दाखवतं, त्यासाठी कॅननचा ड्रायव्हर लागत नाही. ती दिसत असेल तर केबल, पोर्ट आणि प्रिंटरचं यूएसबी सर्किट तिन्ही ठीक आहेत आणि दोष पुढे सॉफ्टवेअरमध्ये शोधायचा. त्याऐवजी ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ आणि कंसात ‘डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ असं दिसलं, तर ड्रायव्हर शंभरदा टाकूनही काही होणार नाही. आधी दुसरी, छोटी आणि चांगली केबल लावून बघा. निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये असेल तर काळ्या यूएसबी २ मध्ये लावा. जुनी मशीन नव्या पोर्टवर कधी कधी नीट ओळखली जात नाहीत. दुसऱ्या पीसीवरही तीच ओळ आली तर प्रिंटरचं लॉजिक कार्ड मेकॅनिककडे दाखवायचं. या एका तपासणीला दोन मिनिटं लागतात आणि मशीनचा दोष की विंडोजचा, याचा निकाल तिथेच लागतो.

यूएसबी ठीक असेल तर पुढचा संशयित पोर्ट. मोठ्या अपडेटनंतर विंडोज जोडलेली यूएसबी उपकरणं पुन्हा मोजतं आणि कधी त्याच प्रिंटरला नवा पोर्ट देतं. मग यादीत दोन नावं दिसतात: जुना ‘कॅनन एलबीपी २९००’ आणि त्याच्याशेजारी ‘कॉपी १’. जुना यूएसबी००१ वर बसलेला, ऑफलाइन आणि तरीही डिफॉल्ट. नवा यूएसबी००२ वर, चालू, पण त्याला कोणी विचारत नाही. वर्ड आणि टॅली मात्र जुन्यालाच प्रिंट पाठवत राहतात. जुन्या प्रिंटरच्या ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये ‘पोर्ट्स’ टॅब उघडा आणि खूण यूएसबी००१ वरून यूएसबी००२ वर, म्हणजे ज्या पोर्टसमोर सध्या जिवंत प्रिंटर आहे त्यावर, करा. मग ‘कॉपी १’ काढून टाका. त्याच टॅबच्या तळाशी ‘एनेबल बायडायरेक्शनल सपोर्ट’ हा चौकोन आहे. कॅप्ट प्रिंटरसाठी तिथे टिक असलीच पाहिजे. इतर प्रिंटरच्या बाबतीत ‘ती टिक काढून बघा’ हा सल्ला सर्रास दिला जातो; २९००बी वर तोच सल्ला चालता प्रिंटर बंद पाडतो.

आणखी एक छोटी गोष्ट. सेटिंग्जमध्ये ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’च्या पानावर ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ चालू असेल तर बंद करा. नाहीतर एकदा पीडीएफ सेव्ह केली की डिफॉल्ट प्रिंटर पीडीएफ होतो आणि कागदाची वाट बघत बसावं लागतं.

प्रिंटच्या रांगेत अडकलेली कामं ‘डिलीटिंग’ म्हणत तशीच लटकली असतील तर स्पूलर, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारा विंडोजचा भाग, रिकामा करावा लागतो. ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘प्रिंट स्पूलर’ थांबवा, सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टिम३२, स्पूल, प्रिंटर्स या वाटेने जाऊन त्या शेवटच्या फोल्डरमधल्या फाइली पुसा आणि स्पूलर परत चालू करा. फोल्डर पुसायचं नाही, फक्त आतल्या फाइली.

इथवर काम झालं नाही तर ड्रायव्हर बदलायचा. पण त्याआधी तीन गोष्टी बघून घ्या, कारण त्यांपैकी एकही आडवी आली तर सगळी मेहनत वाया जाते.

पहिली गोष्ट, ‘विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड’. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून ही सोय आली आहे आणि ती ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’च्या पानावर खालच्या बाजूला दिसते. मुळात ती बंद असते, पण सुरक्षिततेचं नाव वाचून कोणी चालू केली तर विंडोज कंपन्यांचे ड्रायव्हर वापरणारे प्रिंटर काढून टाकतं आणि फक्त मोप्रिया (कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय छपाईचं मानक) प्रमाणित प्रिंटर चालू देतं. २९००बी त्यात बसत नाही. हा मोड बंद केला तरी गेलेला प्रिंटर आपोआप परत येत नाही, ड्रायव्हर पुन्हा घालावाच लागतो. ‘कालपर्यंत होता, आज यादीतूनच गायब’ अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी इथे बघा.

दुसरी, नव्या लॅपटॉपवरचा एस मोड. त्यात मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचं काहीच बसत नाही, त्यामुळे कॅननचा सेटअपही चालत नाही. एस मोडमधून फुकट बाहेर पडता येतं, पण परत आत जाता येत नाही.

तिसरी, प्रोसेसर. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट या पानावर ‘सिस्टिम टाइप’समोर एआरएम लिहिलं असेल तर थांबा. इंटेल-एएमडीसाठी लिहिलेले प्रिंटर ड्रायव्हर त्या लॅपटॉपवर चालत नाहीत. एआरएमवर इतर प्रोग्राम चालतात म्हणून ड्रायव्हरही चालेल असं वाटतं, पण ड्रायव्हरला ती सवलत नाही.

आता ड्रायव्हर. आधी जुना पूर्ण उपटायचा. वरवर प्रिंटर डिलीट करून भागत नाही. इन्स्टॉल्ड अॅप्सच्या यादीत कॅननचा अनइन्स्टॉलर असेल तर तो चालवा. मग यूएसबी केबल काढा. ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’च्या पानावरून ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’ उघडा, ‘ड्रायव्हर्स’ टॅबवर एलबीपी २९०० निवडा आणि काढताना ‘रिमूव्ह ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज’ हा पर्याय घ्या. नुसता ‘ड्रायव्हर ओन्ली’ घेतला तर जुनं पॅकेज आत तसंच राहतं आणि केबल लावताच विंडोज तेच परत बसवतं. ‘वापरात आहे’ म्हणून नकार आला तर स्पूलर एकदा थांबवून चालू करा आणि लगेच पुन्हा काढा. त्यानंतर पीसी रीस्टार्ट.

नवा ड्रायव्हर कॅनन इंडियाच्या सपोर्टच्या पानावरूनच घ्यायचा, ६४ बिटचा. गुगलवर वर दिसणाऱ्या ‘फ्री ड्रायव्हर’वाल्या साइट टाळा, तिथून प्रिंटरच्या आधी जाहिराती येतात. डाउनलोड केलेली फाइल उघडली की फोल्डर तयार होतो, त्यातला सेटअप राइट क्लिक करून अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. ‘इन्स्टॉल विथ यूएसबी कनेक्शन’ निवडा. सेटअप सांगेल तेव्हाच केबल लावून प्रिंटर चालू करायचा, आधी नाही. आधी लावली तर विंडोज स्वतःच्या मनाने अर्धवट नोंद करून ठेवतं आणि सेटअप ‘प्रिंटर सापडत नाही’ म्हणत थांबतो. मध्ये फायरवॉलबद्दल प्रश्न येतो. प्रिंटर दुसऱ्या पीसींना वापरू द्यायचा असेल तर ‘हो’ म्हणा. झालं की टेस्ट पेज काढा, आणि ड्रायव्हरचा तो फोल्डर पेन ड्राइव्हवर ठेवून द्या. पुढच्या मोठ्या अपडेटला तो लागणारच आहे.

एकाच पीसीला एकच प्रिंटर असेल तर वाचणं इथे थांबवलं तरी चालेल. खरी डोकेदुखी शेअरिंगची आहे. २९००बी ला स्वतःचं नेटवर्क नाही, त्यामुळे छोट्या ऑफिसात तो एका पीसीला जोडून बाकीच्यांना शेअर केलेला असतो, आणि विंडोजच्या गेल्या काही वर्षांतल्या सुरक्षेच्या बदलांनी सर्वाधिक मार खाल्ला आहे तो याच मांडणीने. २०२१ च्या उन्हाळ्यात ‘प्रिंटनाइटमेअर’ ही स्पूलरमधली गंभीर त्रुटी उघड झाली. ऑगस्ट २०२१ पासून शेअर्ड प्रिंटरचा ड्रायव्हर घ्यायला अॅडमिनचा अधिकार लागू लागला. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर शेवटी ‘११बी’ असलेला एरर सगळीकडे दिसू लागला. विंडोज ११ च्या २२एच२ पासून प्रिंटच्या जोडणीची पद्धतच बदलली आणि जुन्या-नव्या पीसींच्या जोडीत शेवटी ‘७०९’ असलेला एरर येऊ लागला. २४एच२ ने प्रो आवृत्तीत पासवर्डशिवायची पाहुणा म्हणून होणारी जोडणी बंद केली. म्हणजे ‘पासवर्ड नको, सगळ्यांना उघडं ठेवा’ ही वर्षानुवर्षांची सोपी पद्धत आता चालत नाही.

यावर बाजारात दोन जुगाड चालतात: रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) जाऊन ‘११बी’मागची सुरक्षा शून्यावर आणणं, किंवा ते अपडेटच उडवून पुढची सगळी थांबवणं. दोन्हींनी प्रिंट निघते, आणि दोन्हींनी पीसी त्या अपडेटने बुजवलेल्या त्रुटीला पुन्हा उघडा पडतो. ज्या पीसीवर लोकांची आधार कार्डं आणि सातबारे येतात तिथे हे करू नये.

नीट मार्ग थोडा लांब आहे, पण टिकतो. ज्या पीसीला प्रिंटर जोडलाय तो यजमान पीसी आणि जे पीसी तो प्रिंटर वापरणार, ते सगळे सारख्याच ताज्या अपडेटवर आणा. ‘११बी’ बऱ्याचदा एक अपडेटेड आणि दुसरा मागे राहिलेला अशा जोडीत येतो. यजमान पीसीवर पासवर्ड असलेलं एक साधं युजर अकाउंट काढा, नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा, फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा. शेअरचं नाव छोटं आणि जागा न सोडता ठेवा. प्रत्येक वापरणाऱ्या पीसीवर ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये ‘विंडोज क्रेडेन्शियल’ म्हणून यजमान पीसीचं नाव, ते युजरनेम आणि पासवर्ड साठवा. मग त्या पीसीवर शेअर्ड प्रिंटरवर डबल क्लिक करून ड्रायव्हर ओढू नका. कॅननचा तोच सेटअप तिथेही चालवा, यूएसबीऐवजी ‘मॅन्युअली सेट पोर्ट’ निवडा, पोर्ट वाढवताना ‘नेटवर्क’ घ्या आणि शेअर केलेला प्रिंटर दाखवा. ड्रायव्हर आधीच पीसीवर असल्याने तो नेटवर्कवरून ओढण्याचा प्रसंगच येत नाही.

तरीही ‘७०९’ आला तर ग्रुप पॉलिसीत ‘प्रिंटर्स’खाली ‘कॉन्फिगर आरपीसी कनेक्शन सेटिंग्ज’ उघडून ‘आरपीसी ओव्हर नेम्ड पाइप्स’ निवडा. होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसी नसते, तिथे हेच रजिस्ट्रीतून करावं लागतं आणि ते जाणकाराकडूनच करून घ्यावं. शेवटी, यजमान पीसी झोपणार नाही अशी पॉवर सेटिंग करा. तो स्लीपमध्ये गेला की सगळं ऑफिस ‘प्रिंटर ऑफलाइन’ बघतं आणि दोष पुन्हा अपडेटच्या माथी जातो.

या कटकटीतून सुटायला काही जण यूएसबी प्रिंट सर्व्हरचा डबा घेतात किंवा राउटरच्या यूएसबी पोर्टला प्रिंटर लावतात. २९००बी साठी तो खर्च करू नका. असे बहुतेक डबे डेटा एकाच बाजूने ढकलतात आणि कॅप्टला उत्तरही ऐकायचं असतं.

अपडेटचा ज्याच्याशी काडीचा संबंध नाही अशाही तक्रारी त्याच दिवशी येतात. उभी काळी रेघ, फिकी छपाई, दर साडेसात सेंटिमीटरला तोच डाग: ड्रायव्हर हे करू शकत नाही. ७५ मिलिमीटर म्हणजे कार्ट्रिजमधल्या ड्रमचा घेर, तेव्हा डाग तेवढ्या अंतराने येत असेल तर ड्रमवर ओरखडा आहे. शाई बोटाने पुसली जात असेल तर फ्युजरची टेफलॉन फिल्म किंवा हीटर बघा. कागद ओढत नसेल तर पिकअप रोलर, दोन-तीन एकदम ओढत असेल तर सेपरेशन पॅड. मराठी पीडीएफमध्ये जोडाक्षरं तुटत असतील, वेलांट्या सरकत असतील, तर अॅडोबी रीडरच्या प्रिंट खिडकीत ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये ‘प्रिंट अॅज इमेज’ करा. गडबड फाइलमधल्या फॉन्टची असते.

शेजारच्या टेबलावर एचपीचा १०२० असेल तर त्याची तऱ्हा थोडी निराळी. तो बंद झाला की स्वतःचं फर्मवेअर विसरतो, आणि दर वेळी चालू केल्यावर पीसीतला ड्रायव्हर ते पुन्हा भरतो. अपडेटने ड्रायव्हर बदलला की दिवा लागतो, पण प्रिंटर हूं की चूं करत नाही. त्याचा ड्रायव्हर एचपीकडून नव्याने घालणं हाच उपाय. एचपीच्याच एम१००५ मध्ये पोर्ट यूएसबी००१ वरून डॉट४_००१ वर न्यायचा असतो, हे अनेकांना ठाऊकच नसतं.

मग ठेवावा की काढावा? इंटेल किंवा एएमडीचा पीसी आहे, प्रिंटर थेट यूएसबीने जोडलाय, महिन्याला हजार-दोन हजार काळी पानं निघतात: ठेवा, निःशंक. विंडोज ११ वर तो चांगला चालतो आणि एका पानाचा खर्च भरलेल्या कार्ट्रिजमुळे आजही कमी पडतो. पाच-सहा जणांमध्ये शेअर करायचा असेल, मोबाइलवरून प्रिंट हवी असेल, एआरएम लॅपटॉप किंवा नवा मॅक असेल, तर यात अडकू नका, आणि जुन्या बाजारातून तर मुळीच घेऊ नका.

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलंय की कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्याने बंद होईल. जुलै २०२७ पासून त्या वाटेने फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतील. कंपनीच्या सेटअपने ड्रायव्हर घालणं यात बंद होत नाही, त्यामुळे २९००बी वर उद्याच गदा येणार नाही. पण वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते स्पष्ट आहे. नवीन प्रिंटर घेताना खोक्यावर मोप्रिया किंवा एअरप्रिंटचं चिन्ह आहे का, आणि लॅनचं पोर्ट आहे का, एवढं बघा. मोप्रिया असलेला प्रिंटर विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतो, आणि लॅनचं पोर्ट असेल तर यजमान पीसी चालू ठेवण्याची गरज उरत नाही.